मदरबोर्ड नवा, विंडोज तीच!

लॉन्ग वीकेंडला पुण्याहून भोकरदनला घरी गेलात की एक काम हमखास वाट्याला येतं : 'अरे, कॉम्प्युटर फार स्लो झालाय, बघ जरा.' त्यात बाबांच्या दुकानाचं टॅली, ताईच्या लग्नाचे फोटो, श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइल्स... आणि कॉम्प्युटरवाला म्हणतो, 'फॉरमॅट मारून टाकू!'

जरा थांबा. एक्सपीच्या जमान्यात त्याचं बरोबर होतं. मदरबोर्ड बदलला की डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर जुळायचा नाही, की आलीच निळी स्क्रीन! विंडोज १० आणि ११ मात्र नवं हार्डवेअर बहुतेक वेळा स्वतःच ओळखतात.

आमचं मत विचाराल, तर आधी फक्त एसएसडी टाका. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायची, बस्स. मदरबोर्ड तोच, म्हणून लायसन्सचं टेन्शन नाही.

मदरबोर्डच बदलायचाय? मग खरी गंमत. डिजिटल लायसन्स त्यालाच बांधलेलं असतं, म्हणून आधी ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. (ब्रँडेड पीसीसोबत आलेलं लायसन्स मात्र नव्या बोर्डावर चालत नाही.) बिटलॉकर थांबवा, टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. बॅकअप तर हवाच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या बोर्डात टीपीएम २.० असेल आणि प्रोसेसरही चालणारा असेल, तर चालू विंडोजमधूनच ११ चा सेटअप चालवा. 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय निवडला की श्रीलिपीही जागेवर. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका.