भाकरी मोत्याची, कांदा बाजाराचा

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीकाठच्या नामपूर परिसरात, कुठल्याही मळ्यातल्या घरी, दिवस मावळताना परातीत भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागतो. त्या आवाजासरशी कांदाचाळीच्या सावलीत पडून असलेलं कुत्रं, बहुधा मोत्या नावाचं, उठतं, अंग ताणून आळस झटकतं आणि ओसरीच्या पायरीशी येऊन बसतं. आत शिरत नाही, भुंकत नाही, फक्त दाराकडे बघत राहतं. पहिली भाकरी तव्यावर फुगेपर्यंत त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं.

घास दिसण्याआधीच सुटणाऱ्या या लाळेवरूनच इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव जगभर झालं. पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी त्याला 1904 साली नोबेल पारितोषिक मिळालं होतं. अन्न येण्याची खूण पटली की कुत्र्याचं पोट कामाला लागतं, हे त्याने प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. बागलाणातल्या कुत्र्यासाठी ती खूण म्हणजे भाकरीची थाप. म्हणूनच घासाची वेळ आणि जागा रोज एकच असली की कुत्रं शांत राहतं. दिवसभर येता-जाता तुकडे मिळू लागले, तर तेही दिवसभर दाराशी घुटमळत राहतं.

पण मांस खाणाऱ्या लांडग्याच्या वंशजाला बाजरीची भाकरी पचते कशी? स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये याचं उत्तर दिलं. पिठातला स्टार्च फोडणारं अमायलेज हे विकर कुत्र्याच्या स्वादुपिंडात तयार होतं. ते तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, तर कुत्र्यांत 4 ते 30. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला. त्याच्या उष्ट्या-खरकट्यावर जी कुत्री तगली, त्यांच्या पिढ्यांमध्ये या प्रती वाढत गेल्या. ओसरीवरचं कुत्रं अंगाने लांडग्याच्या कुळातलं असलं, तरी पोटाने ते शेतकऱ्याच्या घरचं झालं आहे.

ही सोबत महाराष्ट्रात किती जुनी आहे, याचा एक देखणा पुरावा शेजारच्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात सापडला. प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला 1974 साली ब्राँझची चार शिल्पं मिळाली. त्यांतल्या बैलजोडीच्या रथावर हाकणाऱ्या माणसाबरोबर एक छोटं कुत्रंही उभं आहे.

भाकरी पचते, पण तेवढ्याने भागत नाही. कुत्र्याला प्रथिनं लागतात. ताकात कुस्करलेल्या भाकरीबरोबर उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याचं शिजवलेलं मांस मिळालं, तर ताट पुरतं. मांसाबरोबर शिजलेली कोंबडीची हाडं मात्र देऊ नयेत. शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

मग उरतो लाडाचा खाऊ. वाड्या-वस्त्यांवर तो बहुतेक ग्लुकोज बिस्किटांचाच असतो. याचा हिशोब मांडून पाहावा. 16 किलो वजनाच्या, मळाभर फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 900 किलोकॅलरी पुरतात. वरचा खाऊ यातल्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे झाल्या 90 किलोकॅलरी, म्हणजेच साधारण चार बिस्किटं. ती सकाळपासून घरातल्या सगळ्यांच्या हातून मिळून चार. आजोबांची दोन, नातवाची तीन आणि गड्याच्या चहाबरोबरची दोन अशी बेरीज झाली, की मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

खाऊ कमी केला म्हणून माया तुटत नाही, असं सुचवणारा अभ्यासही भारतातच झाला आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा खाऊ दिला तेव्हापेक्षा पुन्हा पुन्हा डोक्यावरून हात फिरवला तेव्हा ही कुत्री त्या माणसावर जास्त विश्वास टाकू लागली, असं त्यांना 2017 मध्ये दिसलं. संध्याकाळी बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवून पाच मिनिटं मानेखाली खाजवलं, तरी मोत्याचा लाड पुरा होतो.

याच गटाच्या आणखी एका अभ्यासातून कुत्र्याच्या नाकाचा एक नियम समोर आला: ज्याला मांसाचा वास जास्त, तो घास आधी. त्यात प्रत्यक्ष मांस किती, हे दुय्यम. नामपूरसारख्या कांद्याच्या गावात हा नियम जिवावर बेतू शकतो.

चाळीत भरलेल्या उन्हाळ कांद्याला कुत्रं सहसा तोंड लावत नाही. त्याच्या पोटात कांदा जातो तो रश्श्यातून. मटणाच्या कालवणाला वाटण असतं कांद्याचं, वर कांदा-लसूण मसाला, आणि वास मांसाचा. उरलेल्या रश्श्यात भाकरी बुडवून घरातली बाई मायेने पुढे ठेवते आणि कुत्रं ताटली चाटूनपुसून साफ करतं. कांद्या-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला इजा करतात. खराब झालेल्या हिमोग्लोबिनच्या गाठी पेशीच्या कडेला चिकटतात. त्यांना हाइन्झ पिंडिका म्हणतात. अशा पेशी लवकर फुटतात आणि कुत्र्याच्या अंगात रक्त कमी होतं. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हे विष जात नाही. उलट वाळवून दळलेल्या मसाल्यात ते एकवटतं.

मात्राही फार मोठी नाही. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्याने कुत्र्याच्या रक्तात बिघाड झाल्याच्या नोंदी आहेत. 16 किलोच्या कुत्र्यासाठी 240 ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मध्यम कांदे पुरे होतात. थोडा थोडा कांदा रोज पोटात गेला तरी इजा साचत जाते. लक्षणं बहुधा काही दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तांबूस होते, चार पावलांत धाप लागते. तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो.

चंपाषष्ठीलाही हे ध्यानात ठेवायला हवं. त्या दिवशी खंडोबाला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा असा नैवेद्य दाखवतात. कुत्रं हे खंडोबाचं सोबती, म्हणून त्यालाही घास घालण्याची रीत आहे. रोडग्याचा तुकडा भरीत-कांद्याविना घातला, तर रीतही पाळली जाते आणि कुत्र्यालाही बाधत नाही.

बागलाणचं दुसरं पीक म्हणजे हंगामाआधी बाजारात येणारी द्राक्षं. या द्राक्षांचं कोडं शास्त्रज्ञांना वीस वर्षं सुटत नव्हतं. द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात, हे 2000 च्या सुमारास अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या नोंदींतून लक्षात आलं. पण एकाला मूठभर द्राक्षं बाधत, तर दुसऱ्याला घडभर खाऊनही काही होत नसे. 2021 मध्ये याच केंद्रातल्या पशुवैद्यांनी संशय टार्टारिक आम्लावर आणला. घरी बनवलेली, टार्टारिक आम्लाचा क्षार घातलेली खेळण्याची कणीक खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणं द्राक्षबाधेशी जुळली, तेव्हा हा धागा हाती लागला. हे आम्ल द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमी-जास्त असतं. एकाला बाधतं आणि दुसऱ्याला नाही, याचा उलगडा त्यातून होऊ शकतो. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा तीही कुत्र्यापासून दूर ठेवावी. द्राक्षबागेत विरळणीचे मणी आणि काढणीनंतर गळालेले घड बांधावर पडू न देता खड्ड्यात पुरलेले बरे. बेदाण्याची गोडी तर कुत्र्याला लावूच नये.

चुकून कांदा-द्राक्षं पोटात गेलीच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याच्या फंदात पडू नये. त्याने नवीनच इजा होते. काय खाल्लं, अंदाजे किती आणि किती वाजता, एवढं लक्षात ठेवून तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. द्राक्षाच्या बाबतीत पहिले काही तास फार मोलाचे असतात.

रश्श्यातला कांदा टाळायला घरात फक्त एक क्रम बदलावा लागतो. भाकरी तव्यावरून उतरली की कालवणाच्या पातेल्याचं झाकण उघडण्याआधी मोत्याचा वाटा मोडून बाजूला ठेवायचा. तो थंड होईल, ताकात भिजेल, मग त्याची ताटली पायरीशी जाईल. घरची माणसं जेवायला बसतात, तेव्हा कुत्र्याने ताटली चाटून साफ केलेली असते. मग ते अंगण ओलांडून कांदाचाळीच्या तोंडाशी जातं, दोन गिरक्या घेतं आणि राखणीला बसतं.