नाताळाचा हिशेब दिवाळीतच

मंडळी, फराळाचे डबे रिकामे होण्याआधी वही घ्या आणि गेला नाताळ आठवा. काय उरलं, काय फेकलं, कोणती भेट अजून वेष्टनातच आहे, जानेवारीत कार्डाचं बिल किती आलं, ते लिहा.

२००४च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं २५ डिसेंबरला बंद असतात. त्या एका दिवसासाठी आपण आठवड्याचं सामान भरतो!

यंदा नावांच्या चिठ्ठ्या टाका. प्रत्येकानं एकालाच भेट द्यायची, रक्कम आधी ठरवून. जेवणाला प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणावा, म्हणजे घरची बाईही चार घटका बसेल. मुलांना विचारा, गेल्या वर्षीचं काय आठवतं? पत्त्यांचा डाव म्हणाली, तर तोच पुन्हा मांडा. त्याला पैसे पडत नाहीत.