जंतू एक, आजार दोन

देहरक्षण : लेखांक सातवा

नॉर्वेतल्या बर्गन शहरात १८७९ साली एका डॉक्टरांनी एका रुग्ण बाईच्या डोळ्याला बारीक सुरीचं टोक टोचलं. तिची परवानगी घेतलेली नव्हती. सुरीला दुसऱ्या एका रुग्णाच्या अंगावरच्या गाठीतला द्रव लावलेला होता. या डॉक्टरांचं नाव गेऱ्हार्ड हॅन्सन. कुष्ठरोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला तो यांनीच, १८७३ साली. पण जंतू दिसला म्हणजे रोग त्यानेच होतो हे सिद्ध होत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत वाढायला हा जंतू काही केल्या तयार नव्हता. म्हणून हा उद्योग. बाईने तक्रार केली, खटला उभा राहिला आणि १८८० साली हॅन्सन यांची रुग्णालयातली जागा गेली. योग्यच झालं.

आपल्याला रस आहे तो खटल्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत. ती बाई मुळात कुष्ठरुग्णच होती, फक्त तिचा आजार बधिर चट्ट्यांचा होता. ज्याच्या गाठीतून द्रव काढला त्याचा आजार गाठींचा. हे दोन प्रकार नॉर्वेतल्याच डॅनियलसन आणि बोएक या डॉक्टरांनी १८४७ सालीच वेगळे नोंदवून ठेवले होते. एका प्रकारातला जंतू दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला दिला तर पहिला प्रकार उमटतो का, हे हॅन्सन यांना पाहायचं होतं. तो उमटला नाही. खुद्द डॅनियलसन यांनी तर त्याच्याही आधी रुग्णांच्या गाठींतला द्रव स्वतःला टोचून घेतला होता; त्यांना काहीच झालं नाही, आणि त्यावरून हा रोग संसर्गाचा नसून आनुवंशिक आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. प्रयोग खरा, निष्कर्ष साफ चुकीचा.

द्रव तोच, जंतू तोच. एकाला गाठी, दुसऱ्याला चट्टे आणि तिसऱ्याला काहीच नाही. असं का? शंभर वर्षं शोध घेतल्यावर उत्तर मिळालं ते जंतूत नाही, माणसात. रोगप्रतिकार यंत्रणेचा अभ्यास करणारे लोक कुष्ठरोगाकडे इतक्या आस्थेने पाहतात ते याच कारणाने. प्रतिकार यंत्रणा काय करते, काय करत नाही आणि करताना काय मोडते, हे माणसाच्या कातडीवर उघड दिसावं असा दुसरा आजार नाही.

आधी जंतूची ओळख. मायकोबॅक्टेरियम लेप्री हा कमालीचा आळशी प्राणी आहे. आपल्या आतड्यातले ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला बारा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत पाच-पाच, कधी वीसही वर्षं जातात. २००१ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला (तो नमुना मूळचा तमिळनाडूतल्या रुग्णाचा होता), तेव्हा दिसलं की त्याची अकराशेच्या वर जनुकं नुसती मोडून पडलेली आहेत. स्वतःचं स्वतः भागवण्याची ताकदच त्याने घालवली आहे, म्हणून तर तो बशीत वाढत नाही. त्याला राहायला दुसऱ्याच्या पेशीचं घर लागतं. थंडावा आवडतो, म्हणून नाक, कानाची पाळी, कोपर, गुडघ्याखालचा पाय अशा जागा तो धरतो. आणि पेशीही कुठल्या निवडतो? एक, मज्जातंतूंवर आवरण घालणाऱ्या श्वान पेशी. दुसऱ्या भक्षक पेशी, म्हणजे ज्यांनी जंतू गिळून पचवायचे त्याच. विषही तो फारसं तयार करत नाही. नुसता राहतो.

आता गेल्या दोन लेखांकांतली मंडळी आठवा. भक्षक पेशी जंतू गिळतात. बी पेशी प्रतिपिंडं तयार करतात. ती रक्तात, लसिकेत मोकळ्या फिरणाऱ्या जंतूंना चिकटतात. टी पेशींतल्या मदतनीस पेशी कुणी काय करायचं याचे रासायनिक निरोप धाडतात. कुष्ठरोगात सगळा निकाल या निरोपांवर लागतो.

समजा मदतनीस पेशींनी गॅमा इंटरफेरॉन नावाचा निरोप धाडला. तो मिळाला की भक्षक पेशी पेटून उठतात. पोटात दडलेला जंतू त्या मारू लागतात, एकमेकींना चिकटून घट्ट पुंजका करतात, जंतूंना कोंडतात. असा माणूस तपासला तर अंगावर एक-दोन चट्टे, कडा स्पष्ट, मध्ये कोरडी बधिर कातडी. चट्ट्याच्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जंतू शोधूनही सापडत नाही. हा बधिर चट्ट्यांचा प्रकार. बर्गनच्या त्या बाईचा.

दुसऱ्या माणसात निरोप वेगळे जातात, इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१० यांचे. ते बी पेशींना कामाला लावतात आणि भक्षक पेशींना थंड करतात. प्रतिपिंडं भरपूर तयार होतात, रक्तात त्यांचा पूर येतो. पण जंतू पेशीच्या आत बसलेला, प्रतिपिंडं बाहेर. ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. गिळलेले जंतू भक्षक पेशीच्या पोटातच वाढतात, पेशी फेसाळ दिसू लागते. कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, नाक चोंदतं, अंगावर गाठी येतात. कातडीच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असू शकतात. आणि माणसाला फारसं दुखत नाही, हे विशेष. १९९१ साली रॉबर्ट मॉडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या चट्ट्यांमधले हे निरोप प्रत्यक्ष मोजून दाखवले. दोन टोकांना दोन वेगळ्या भाषा चाललेल्या होत्या. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. १९६६ मध्ये रिडली आणि जॉपलिंग यांनी या पट्ट्याचे पाच टप्पे पाडले, ते आजही वापरात आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, प्रतिपिंडं म्हणजेच प्रतिकार हा समज अर्धा आहे. करोनाच्या दिवसांत ‘माझ्या अँटीबॉडी किती?’ हे मोजून घेण्याची टूम निघाली होती. कुष्ठरोगात ज्याच्याकडे सर्वांत जास्त प्रतिपिंडं, त्याचाच आजार सर्वांत पसरलेला. दुसरी गोष्ट जास्त चक्रावणारी. गाठींच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती एकूणात दुबळी नसते. इतर जंतूंशी त्याचं शरीर तुमच्याआमच्यासारखंच झुंजतं. फक्त या एका जंतूपुढे ते गप्प बसतं. जपानच्या मित्सुदांनी १९१९ मध्ये कुष्ठाच्या गाठींपासून केलेला अर्क रुग्णांच्या कातडीत टोचायला सुरुवात केली. चट्टेवाल्यांच्या हातावर तीन-चार आठवड्यांनी टपोरी गाठ उठते. गाठीवाल्यांच्या हातावर काहीही नाही. शत्रू समोर आहे आणि ओळखच पटत नाही.

मग शहाणा वाचक म्हणेल, चट्टेवाला नशीबवान. जंतूंच्या हिशेबात, हो. पण त्याच्या कोपराकडे पाहा. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो. तिथे ठोसा लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तो. कुष्ठरोग तपासणारे डॉक्टर तिथे बोट फिरवून पाहतात. निरोगी माणसात मऊ दोरी लागते. या रुग्णात ती जाड, टणक, दाबली की कळवळायला लावणारी. मज्जातंतूतल्या मूठभर जंतूंना कोंडण्यासाठी पेटलेल्या पेशींनी त्या अरुंद जागेत सूज आणली आणि तंतूच चिरडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मग वाकू लागतं. चहाचा तापलेला कप धरला तरी कळत नाही, फोड येतो. तळपायात काटा मोडला तरी माणूस चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते. ‘कुष्ठरोगात बोटं झडतात’ असं पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं. बोटं जंतू खात नाही. बधिर बोटांच्या भाजण्या, जखमा, त्यांतला पू आणि झिजणारं हाड, असं ते होतं. आणि बधिरपणाच्या मुळाशी बऱ्याच अंशी शरीराचा स्वतःचाच प्रतिकार असतो.

याचं सर्वांत क्रूर रूप उपचार चालू असताना दिसतं. रुग्ण बहुऔषधोपचाराच्या गोळ्या घेतो आहे, जंतू मरताहेत. मधल्या टप्प्यातल्या रुग्णात अशा वेळी कधीकधी थंड बसलेल्या टी पेशींना एकाएकी जाग येते. काल फिकट असलेला चट्टा आज लाल, गरम, सुजलेला. कोपर ठणकतं. शर्टाचं बटण लावता येत नाही, चालताना पाऊल लुळं पडून चप्पल निसटते. डॉक्टर याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. घरचे म्हणतात, औषध उलटलं, बंद करा. प्रत्यक्षात प्रतिकार सुधारला आहे, आणि त्या सुधारण्यातच हात जायची वेळ आली आहे. मग उपाय काय, तर जंतूंची औषधं चालूच ठेवायची आणि जोडीला स्टेरॉइड द्यायचं, म्हणजे प्रतिकार दाबायचा. वेळेत दिलं तर हात वाचतो. सहा महिने दुर्लक्ष झालं तर सहसा वाचत नाही.

गाठीवाल्यांची रिअ‍ॅक्शन वेगळी. जंतूंचे अवशेष आणि ती निरुपयोगी प्रतिपिंडं यांच्या जुड्या ऊतींत जागोजाग अडकतात, ताप भरतो, अंगावर दुखऱ्या लाल गाठी येतात, डोळे लाल होतात, माणूस रात्रंदिवस तळमळतो. १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांच्याकडे असाच एक रुग्ण होता. झोप कशानेच येईना. शेस्किन यांना एक जुनं झोपेचं औषध सापडलं, थॅलिडोमाइड. हे तेच औषध, ज्याच्यामुळे काही वर्षांपूर्वी जगभर हजारो बाळं हात-पाय खुरटलेली जन्मली होती आणि जे बाजारातून उठवलं गेलं होतं. रुग्णाला झोप लागली, आणि दोन-तीन दिवसांत गाठीही ओसरल्या. त्यामागचं कारण कळायला १९९१ साल उजाडलं: न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गिला कॅप्लान यांच्या गटाने दाखवलं की हे औषध टीएनएफ नावाचा दाहाचा निरोप कमी करतं. १९९८ मध्ये अमेरिकेने ज्या आजारासाठी थॅलिडोमाइडला परवानगी दिली तो हाच, कुष्ठरोगातली ही रिअ‍ॅक्शन. गर्भवतीला ते आजही सक्त मना आहे.

एचआयव्हीची साथ आली तेव्हा तज्ज्ञांना वाटलं, आता क्षयासारखाच कुष्ठरोगही उफाळणार. क्षय उफाळला, त्याचा जंतू याच कुळातला, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात येऊ. कुष्ठरोग मात्र तसा उफाळला नाही. उलट एचआयव्हीची औषधं सुरू होऊन टी पेशी सावरू लागल्या की काही रुग्णांत आतापर्यंत लपून असलेला कुष्ठरोग लाल चट्ट्यांनी बाहेर पडतो. म्हणजे जंतू आधीपासूनच होता. आजार दिसायला प्रतिकार परत यावा लागला.

एवढं वाचल्यावर औषधांच्या दुकानात ‘इम्युनिटी वाढवा’ असं छापलेली बाटली दिसली तर विचारावं, कुठली वाढवू? गॅमा इंटरफेरॉनची की इंटरल्यूकिन-१० ची? भक्षक पेशींची की प्रतिपिंडांची? आणि कोपरातल्या मज्जातंतूचं काय करू? ही यंत्रणा कमी-जास्त करायच्या बटणावर चालत नाही. माझ्या मते त्या बाटल्यांवरचं हे वाक्य कायद्यानेच बंद व्हायला हवं.

आता आपल्या दाराशी. जगातल्या सुमारे ९५ टक्के लोकांच्या शरीराला या जंतूचा बंदोबस्त जन्मतःच जमतो. त्यांच्यात तो शिरला तरी आजार होत नाही. बाबा आमट्यांनी आनंदवनात आणि त्याआधी मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसोबत संसार मांडला, तेव्हा आसपासच्यांना ते आगीत उडी घेताहेत असं वाटलं होतं. त्यांचं धैर्य खरंच. पण लोकांची भीती विज्ञानाला धरून नव्हती. हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन यांना मात्र आजार जडला आणि १८८९ साली ते गेले. कुणाच्या वाट्याला कुठली प्रतिकार यंत्रणा येते यात आनुवंशिकतेचा हात मोठा आहे. एवढ्यापुरते डॅनियलसन अगदीच चुकले नव्हते. बाळाला जन्मताच टोचली जाणारी बीसीजी लस क्षयासाठी म्हणून देतात. ती कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण देते.

भारताने २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचं ‘दूरीकरण’ जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. अनेकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. तो संपलेला नाही. देशात अजूनही वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. चंद्रपूर, गडचिरोली, पालघरकडच्या वाचकांना हे सांगायला नको.

तेव्हा अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, त्यावर घाम येत नसेल आणि कापसाचा बोळा फिरवलेला कळत नसेल, तर मलमं लावत बसू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्ग पसरायचा थांबतो. गोळ्या चालू असताना चट्टे लाल झाले, कोपर किंवा पोटरी ठणकू लागली, बोट सरळ होईना, तर गोळ्या बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.