चढणीवरची पंधरा गीते
(भक्तिगीतांच्या वाटा : लेखांक ६)

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरात संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ऐन थंडीत दिंड्या पायी येतात. विणेकऱ्याने चरण सुरू करायचा, टाळकऱ्यांनी तो झेलायचा आणि ध्रुपद सगळ्यांनी मिळून उचलायचे, हा क्रम गेल्या लेखांकात पाहिला. या वेळी वळायचे आहे ते यरुशलेमच्या यात्रेकडे.

प्राचीन इस्राएलात वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण अशा तीन सणांना मंदिरात हजर राहण्याची आज्ञा होती. यरुशलेम डोंगरावर वसलेले, त्यामुळे कुठूनही आले तरी शेवटी चढण ठरलेली. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी 120 ते 134 या पंधरांना ‘आरोहणस्तोत्र’ असा मथळा आहे. यात्रेकरू ती वाटेने म्हणत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मंदिराच्या पंधरा पायऱ्यांशीही यहुदी परंपरा त्यांची सांगड घालते. 132 वे सोडले तर सगळी आटोपशीर. 131, 133 आणि 134 तर तीन-तीन वचनांचीच. विषयही वाटसरूचे: डोंगराकडे पाहून साहाय्य कुठून येणार असे विचारणे, रडत पेरलेल्या बियाण्याचे पीक हसत घरी आणणे, भावाभावांनी एकोप्याने राहणे.

या काव्यात यमकाला फारसे महत्त्व नाही. ओळीचा पहिला अर्धा भाग जे सांगतो, तेच दुसरा वेगळ्या शब्दांत घोळवतो, पुढे नेतो किंवा उलटे करून दाखवतो. रॉबर्ट लोथ या इंग्रज धर्मपंडिताने 1753 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ही रचना उलगडून दाखवली. लय अर्थात असल्यामुळे गद्य भाषांतरातही ती बरीचशी टिकते. 136 वे स्तोत्र उघडून पाहावे. त्यात 26 वचने आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच: देवाची दया सनातन आहे. पूर्वार्धात मात्र सृष्टीची निर्मिती, मिसरातून सुटका, रानातली वाटचाल असा इतिहास सरकत राहतो. एकाने पुढे म्हणायचे आणि मंडळीने तेच ध्रुपद परत परत धरायचे, हे वारकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पण गद्य वाचता येते, टाळावर धरता येत नाही. मिशनरी काळातल्या मराठी उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या गीतांचा भरणा होता. देशी चालींची उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. ‘त्र्यंबककर’ म्हणवणाऱ्या गणेशशास्त्री लेले यांच्याकडे नाशिकात संस्कृत काव्य शिकलेल्या टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, पदे, भजने ख्रिस्ती उपासनेत आणली. ही सगळी स्तोत्रांची भाषांतरे नव्हेत. स्तोत्रे ज्यासाठी रचली गेली ते काम, म्हणजे सगळ्या मंडळीने आपल्या चालीत एकत्र गाणे, ती करू लागली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची पदे आजही आहेत. कृष्णराव सांगळे यांनी तर ख्रिस्ती कीर्तनच उभे केले.

दुसरी वाट पंडिता रमाबाईंची. मूळ भाषांतूनच भाषांतर करायचे म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1922 मध्ये मृत्यूच्या थोडे आधी त्यांनी बायबलचे काम पुरे केले आणि 1924 मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले.

ख्रिस्ती उपासनेला ही यहुदी गीते परकी नाहीत, कारण ती खुद्द येशूच्या तोंडची आहेत. शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह त्याने गीत गाइले. ते वल्हांडणाच्या 113 ते 118 या स्तोत्रांपैकी असावे. क्रुसावरचा त्याचा आक्रोश 22 व्या स्तोत्राचा आरंभ आहे. कॅथलिक मिस्सेत पहिल्या वाचनानंतर आजही स्तोत्र येते आणि लोक त्यातली एक ओळ प्रतिसाद म्हणून धरतात.

तरी सगळीच स्तोत्रे चर्चला सहज पचलेली नाहीत. सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. 88 वे तर अंधारातच संपते. विठ्ठलाशी भांडणारा तुकाराम ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला देवाला असे खडसावणे ओळखीचे वाटते. शत्रूला शाप देणाऱ्या स्तोत्रांचे काय करावे, हा प्रश्न मात्र अवघड आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने दैनंदिन प्रार्थनाग्रंथातून 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे वगळली. यहुदी बायबलात आणि मराठी बायबलातही ती जागच्या जागी आहेत.

पुढील लेखांकात : कोकणातले बेने इस्राएल आणि त्यांची मराठी कीर्तने.