कामानिमित्त गोव्यास जाणाऱ्या पुणेकरांसाठी: स्लॉट मशीनचा कायदा आणि हिशेब

पुण्यात मनाई. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचा अंमल महाराष्ट्रात अद्याप असून, कॅसिनोंना परवाने देण्याची तजवीज करणारा १९७६ चा राज्य कायदा, एकदाही अंमलात न येता, २०२३ मध्ये रद्द झाला.

गोव्यात मुभा. तेथील १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये घातलेल्या कलम १३-अ अन्वये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनांना परवानगी.

यंत्र. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेल्या 'लिबर्टी बेल'मध्ये तीन चक्रे होती; आज बटण दाबताच निकाल संगणकीय यादृच्छिक संख्येने ठरतो आणि पडद्यावरील चक्रे तो केवळ दाखवितात, म्हणून दहा डाव गेले तरी अकराव्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

हिशेब. सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी बाब हीच. लावलेल्या पैशांपैकी यंत्राचा सरासरी परतावा ९५ टक्के धरला, आणि परिषद आटोपून रात्री यंत्रासमोर बसलेल्या गृहस्थाने २० रुपयांचा डाव ५०० वेळा खेळला, तर खिशातून २,००० रुपयेच निघाले असले तरी, जिंकलेले पैसे पुनःपुन्हा लागत गेल्याने, एकूण पण १०,००० रुपयांचा आणि सरासरी तोटा ५०० रुपयांचा होतो.

कर. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, उपकर निराळा.