अर्धी पेटी कुणी घेत नाही!

फायनल इयरचा प्रोजेक्ट सुरू झालाय? ग्रुपमध्ये चौघं आहात? मग कामं कशी वाटलीत तेही सांगते. ‘तू स्क्रीन्स बघ, तू डेटाबेस, मी पेमेंट आणि तिनं रिपोर्ट टाइप करायचा.’ बरोब्बर ना?

माझ्या मावसभावाच्या ग्रुपनं हेच केलं. ॲप होतं हापूसचं. गिऱ्हाइकानं घरबसल्या पेटी बुक करायची. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट ठरले. पहिल्या स्प्रिंटअखेर स्क्रीन्स एकदम झकास, डेटाबेसही तयार, पण पेटी एकही बुक होईना. ‘सत्तर टक्के झालंय’ म्हणत उरलेले सब-टास्क पुढे ढकलले, मग आणखी पुढे. ॲप चाललं तेव्हा मिरग लागला होता. आता पेटी कुठली?

युजर स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या उपयोगाची एक छोटी गोष्ट. ती पुरी करायला आपण जी कामं करतो ते सब-टास्क. हे चार जणांत वाटा, बिनधास्त! पण दोन स्प्रिंटमध्ये वाटू नका. नुसता डेटाबेस बागायतदाराच्या काय कामाचा? स्क्रमचा नियमही कडक आहे: अर्धवट राहिलेलं काम रिव्ह्यूमध्ये दाखवायचंच नाही, ते परत बॅकलॉगमध्ये जातं. (आपल्याला एटीकेटीची सवय, म्हणून हे जरा जड जातं.)

स्टोरी खरंच मोठी असेल तर तीच फोडा, पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं. पहिल्या स्प्रिंटमध्ये एकाच आकाराची पेटी, फक्त रत्नागिरी शहरात, पैसे रोख. एक साधा स्क्रीन, एक छोटा टेबल, झालं. ऑनलाइन पेमेंट दुसऱ्यात, मुंबई-पुण्याला पाठवणं तिसऱ्यात. दर वेळी पेटी खरोखर बुक होते.

आपली कोकण रेल्वेच घ्या. पूर्ण मार्गावर गाडी धावायला १९९८ उजाडलं, पण रोहा-वीर आणि तिकडे मंगळूर-उडुपी हे टप्पे १९९३ मध्येच सुरू झाले होते. आधी सगळीकडे नुसते रूळ, मग सगळीकडे सिग्नल असं केलं असतं, तर वीरचा माणूस आणखी पाच वर्षं एसटीच्या रांगेत असता. आणि अजाईल मॅनिफेस्टो आला २००१ मध्ये!

यंदा भावाच्या ज्युनिअर्सनी तेच ॲप हातात घेतलंय. त्यांच्या फळ्यावर सध्या एकच स्टोरी आहे: एक गिऱ्हाईक, एक पेटी, रोख.