कॉस्टिक सोड्याला न जुमानणारे पटल

आकुर्डीत राहणाऱ्या माणसाला पेशीच्या पटलाविषयी कुतूहल का वाटावे, याचे कारण शेजारच्या पिंपरीत आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी, पिंपरीचेच नाव धारण करणाऱ्या ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’ या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले; बुरशीच्या पटलातील स्टेरॉल नेमके हेरून ते पटलच निकामी करते. ही हकीकत वाचल्यापासून, ज्यांच्या पटलात स्टेरॉल तर नाहीच, पण आपल्या परिचयाची मेदाम्लेही जवळजवळ नाहीत, अशा तापप्रिय आर्कियांचा, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण त्यांहून निराळ्या सूक्ष्मजीवांचा, जो नाद मला लागला तो अद्याप सुटलेला नाही.

यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत तापप्रिय सूक्ष्मजीव शोधणारे थॉमस ब्रॉक आणि आर्कियांची वेगळी सृष्टी ओळखणारे कार्ल वोस यांच्या कथेचा येथे विस्तार करीत नाही. मला सांगावयाचे आहे ते सुरेन सेहगल यांच्याविषयी, कारण अशा पटलाची पहिली साक्ष तापप्रियांत नव्हे, तर त्यांनी तपासलेल्या मीठप्रियांत मिळाली. १९३२ साली पंजाबातील खुशाब येथे जन्मलेले, बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले आणि ब्रिस्टलची डॉक्टरेट घेतलेले हे गृहस्थ ऑटावा येथे नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये गिबन्स यांच्या हाताखाली मीठप्रिय सूक्ष्मजीवांवर काम करू लागले. खारविलेल्या कातड्यावर तांबडी छटा आणणाऱ्या ‘हॅलोबॅक्टेरियम क्युटिरुब्रम’ची लिपिडे तपासली असता जे निघाले, ते सेहगल, केट्स आणि गिबन्स यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले, तोवर सेहगल मॉन्ट्रियलच्या एअर्स्ट या औषध कंपनीत रुजू होऊन गेले होते. साध्या तेला-तुपातील मेदाम्ल ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जडलेले असते, आणि कॉस्टिक सोड्याबरोबर उकळताच तो बंध तुटून साबण होतो. येथे साबण होईना. शृंखला ईथर बंधाने जडलेल्या होत्या. पुढे केट्स यांनी दाखविले की त्या वीस कार्बनांच्या, फाटे फुटलेल्या फायटॅनिल शृंखला असून ग्लिसरॉलवरील त्यांची मांडणीही नेहमीच्या मांडणीची आरशातील प्रतिमा आहे.

तापप्रियांचे दप्तर उघडले ते दहा वर्षांनी. इंडियाना प्रांतातील, आतून धुमसणाऱ्या कोळशाच्या टाकाऊ ढिगात सापडलेला ‘थर्मोप्लाझ्मा’ ५९ अंश सेल्सियसच्या तीव्र आम्लात वाढतो, आणि त्याला पेशीभित्तिका मुळीच नसल्यामुळे सारी भिस्त पटलावरच असते. साउथ डाकोटाचे थॉमस लँगवर्दी यांनी १९७२ पासून त्याची लिपिडे हाती घेतली. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने ती काढावयाची, आम्लाने त्यांची टोके सोडवावयाची, आणि मग ईथर बंध तोडण्यास हायड्रोआयोडिक आम्लासारखा जालीम उपाय योजावयाचा. सुट्या झालेल्या शृंखलांचे हायड्रोकार्बन करून वायुवर्णलेखन यंत्रात सोडले की चाळीस कार्बनांची शृंखला हजर! दोन टोकांस दोन ग्लिसरॉल आणि मधे अशा दोन शृंखला, असा एकच रेणू पटलाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार पसरतो. दोन पदर एकमेकांस टेकवून केलेले आपले पटल उष्णतेने विलग होऊ शकते. येथे विलग होण्यास दुसरा पदरच नाही. शिवाय नेपल्सच्या डी रोझा आणि गांबाकोर्ता यांना असे आढळले की उष्णता वाढेल तसतशी ‘सल्फोलोबस’च्या शृंखलांत पाच कार्बनांची कडी अधिकाधिक होतात, आणि वीण घट्ट होते.

आता कज्जा उभा राहिला. मीठप्रिय, आम्लप्रिय आणि तापप्रिय यांच्यात हे साम्य का? ब्रॉक यांचा निवाडा असा की हे नाते नव्हे, कठीण परिस्थितीने निरनिराळ्या जीवांना शिकविलेली सारखीच युक्ती आहे. तर्क सुसंगत होता, एवढे मान्य करावयास हवे. परंतु १९७७ साली वोस आणि फॉक्स यांनी आरएनएच्या आधारे मिथेनजनक सूक्ष्मजीवांची, जीवाणू आणि आपल्यासारखे केंद्रकयुक्त जीव या दोहोंहून निराळी, अशी तिसरी सृष्टी जाहीर केली, आणि १९७८-७९ मध्ये त्या मिथेनजनकांतही तीच ईथर लिपिडे निघाली. गोबरगॅसच्या टाकीत आणि गावोगावच्या मैल्यात नांदणाऱ्या या जीवांस ना मिठाचा जाच, ना आम्लाचा, ना उकळत्या पाण्याचा. मग युक्ती कशासाठी? परिस्थितीचा दाखला तेथे निकामी झाला, आणि या साऱ्यांचे एकाच सृष्टीतील, आर्कियांतील, नाते मान्य करावे लागले.

सेहगल मात्र या कज्ज्यात पुन्हा आले नाहीत. ईस्टर बेटाच्या मातीतील एका स्ट्रेप्टोमायसेसपासून, म्हणजे पिंपरीच्या हॅमायसिनदात्याच्याच कुळातून, त्यांनी व सहकाऱ्यांनी १९७५ साली रॅपामायसिन प्रकाशात आणले. मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्याचा जनक असलेला सूक्ष्मजीव त्यांनी घरच्या फ्रीजरमध्ये जपला, आणि १९९९ साली मूत्रपिंड-रोपणाचे औषध म्हणून अमेरिकेत रॅपामायसिनला मान्यता मिळाली. २००३ मध्ये सेहगल निवर्तले. त्यांना तिसऱ्या सृष्टीचे संशोधक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तसा दावा त्यांनी केला नव्हता. पण त्या सृष्टीची पहिली रासायनिक साक्ष १९६२ चीच आहे, आणि आर्कियांचा प्रारंभ १९७७ पासून मांडणाऱ्या आपल्या क्रमिक पुस्तककारांनी पुढील आवृत्तीत तो पंधरा वर्षे मागे न्यावा, एवढी माझी विनंती आहे.